पालथ्या चकत्या

मालनबाई तोडकरांना अकरा वर्षांनी ऐकू यायला लागलं, तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि सुनेला आनंदाबरोबर थोडा घामही फुटला. त्या अकरा वर्षांत वृषालीला एक वाईट सवय लागली होती. सासूसमोर चेहरा हसरा ठेवायचा आणि मनाला येईल ते बोलून मोकळं व्हायचं. बोललं की जीव हलका व्हायचा आणि भांडण काही होत नसे. ही सोय एका सकाळी संपली. "आता मीठ कमी म्हणून नाक मुरडतील," असं ती आमटी ढवळता ढवळता पुटपुटली, आणि मागून आवाज आला, "मीठ पुरतं हाय की गं. नाक मुरडायची सवय तुझ्या नवऱ्याला हाय, मला न्हाई." वृषालीच्या हातातली पळी तिथल्या तिथे थांबली. मग दोघी इतक्या हसल्या की आमटी उतू गेली.

त्याला आता, म्हणजे २०४१च्या जानेवारीत, चार वर्षं होत आली होती. एवढ्या काळात सासू-सुनेचं असं मेतकूट जमलं होतं की मालनबाईंचा मुलगा संग्राम दूध संघाच्या टँकरवरून घरी आला की त्यालाच पाहुण्यासारखं वाटायचं. वृषाली सासूला त्या भागातल्या रीतीप्रमाणे 'आत्ती' म्हणायची. आत्तींचा दिवस दुपारी चार वाजता सुरू व्हायचा. चारला निपाणीहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गौराक्काचा फोन यायचा. निपाणी कागलपासून काही लांब नाही, पण एकीचे गुडघे गेलेले आणि दुसरी अंथरुणाला खिळलेली. मग दोघी तासभर फोनवर साऱ्या गणगोताची झाडाझडती घ्यायच्या. अकरा वर्षं तुंबलेलं बोलणं होतं, ते काही लवकर संपणार नव्हतं.

हे सगळं घडवलं होतं 'कर्णिके'नं. कानामागच्या हाडात बसवलेली वाटाण्याएवढी डबी आणि तिच्यात टिकलीएवढी सिरॅमिकची चकती. बाहेरून कानामागे चिकटवायचा एक छोटा तुकडा आवाज टिपून त्याची वीज करतो, त्या विजेच्या तालावर आतली चकती फुगते, आक्रसते आणि हाड थरथरतं. मालनबाईंच्या कानाचा बाहेरचा रस्ता बंद होता, आतलं सगळं शाबूत होतं. ही थरथर हाडातून थेट आत पोचायची आणि आवाज बनायची. त्यांच्या डबीतली चकती वृषालीच्याच कारखान्यात तयार झाली होती. कारखान्यातल्या माणसाच्या घरी पहिल्या खेपेतली कर्णिका मिळायची, त्याप्रमाणे ती मिळाली होती.

कारखाना भरतेश मगदूमांचा, कागलच्या औद्योगिक वसाहतीत. भट्टीतून भाजून निघालेली चकती ही तशी साधी चिनीमातीच. तिच्यात असंख्य सूक्ष्म कण, आणि प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. तिला गरम तेलात बुडवून दोन्ही बाजूंमध्ये काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. कण हळूहळू एकाच दिशेला तोंड करतात आणि गार झाल्यावर तसेच राहतात. पुस्तकात याला ध्रुवण म्हणतात; कारखान्यातल्या बायका 'तळण' म्हणत, आणि ते काम चाले ती तळणखोली. तळून निघालेल्या चकतीला वीज दिली की ती हलते, आणि दाबली की उलट तीच वीज देते. कणांची तोंडं ज्या अंगाला, ती तिची अधिक बाजू. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच चंदेरी दिसतात. म्हणून प्रत्येक चकती मीटरखाली दाबायची, काटा कुठे वळतो ते बघायचं, आकडा तक्त्यात लिहायचा आणि अधिक बाजूवर लाल एनॅमलचा ठिपका द्यायचा. पुढे डबीत चकती बसवणारा माणूस फक्त ठिपका बघतो.

हा ठिपका द्यायचं काम वृषालीचं होतं. ते इतकं चोख, की दोन वर्षांपूर्वी भरतेशअण्णांनी तिला तपासणी विभागाची प्रमुख केलं.

खरं सांगायचं तर ऐकण्यापुरता हा ठिपका कुठे आहे याला काही महत्त्व नव्हतं. चकती उलटी बसली तर फुगायच्या वेळी आक्रसेल एवढंच, कानाला त्याचा पत्ता लागत नाही. ठिपका महत्त्वाचा झाला तो डॉक्टर तस्नीम मुजावर यांच्यामुळे.

मुजावरबाई मूळच्या मिरजेच्या, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करायच्या. आदल्या नोव्हेंबरात त्या कारखान्यात आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून बोलल्या. चकती दर सेकंदाला हजारो वेळा हलते, त्यामुळे पाच-सहा वर्षांत तिच्यात केसापेक्षा बारीक भेगा पडतात. एखादी भेग आरपार गेली की चकती संपली. आणि डबी तोवर हाडात अशी रुतलेली असते की ती काढून नवी बसवणं बहुतेकांच्या बाबतीत जमतच नाही.

"भेगेत हवा असते," त्या म्हणाल्या. "विजेचं क्षेत्र चकतीतून सहज जातं, हवेतून नाही. म्हणून ते भेगेच्या टोकाशी गोळा होतं. आता ते तिथे भेग उघडतं की मिटतं, यावर आमच्यात पन्नास वर्षं भांडण आहे. जुनी गणितं सांगतात, क्षेत्र कुठल्याही दिशेनं लावा, भेग थांबलीच पाहिजे. प्रत्यक्ष चकती घेऊन बसलं की तसं दिसत नाही. कणांची तोंडं ज्या दिशेला, त्याच दिशेनं क्षेत्र लावलं तर भेग वाढते. उलट लावलं तर थबकते. काहींना याच्याही उलट दिसलंय. मी काही हे भांडण मिटवलं असं म्हणत नाही. पण तुमच्या या चकतीपुरतं मला पक्कं कळलंय."

त्यांना कळलेलं असं, की दररोज रात्री पाच तास चकतीला अगदी मंद, उलट दिशेचं क्षेत्र दिलं तर भेगा तिथेच थांबतात. जास्त दिलं तर कणच तोंड फिरवतात आणि चकती निकामी होते, म्हणून मंद. झोपताना कानामागे बांधायच्या चार्जिंगच्या पट्टीतूनच ते देता येणार होतं, नवी शस्त्रक्रिया नको. मुजावरबाईंनी त्याला नाव दिलं होतं 'विसावा'. विसावा मिळालेली चकती वीस वर्षं चालेल, असा त्यांचा हिशेब होता. आधी वीस जणांवर प्रयोग, आणि तो जमला तर एक फेब्रुवारीपासून राज्यातल्या सगळ्या कर्णिकांना.

वीस जणांच्या यादीत पहिलं नाव वृषालीनं घातलं, आत्तींचं.

सहाव्या आठवड्यात आत्ती म्हणाल्या, "वृषाली, कानात पत्र्यावर वाळू पडल्यागत वाजतंय गं."

वृषाली त्यांना कोल्हापूरच्या तपासणी केंद्रात घेऊन गेली. मुजावरबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी अर्धा तास पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि आत्तींचा हात हातात घेतला.

"भेग आहे. बरीच आत गेलीये. बाकी एकोणीस जण एकदम छान आहेत, आजींच्याच बाबतीत असं का व्हावं कळत नाही. चकतीतच आधी दोष असेल. विसात एक, एवढं होतंच. विसावा आपण थांबवू. आजी, आता बाहेरचं यंत्र दिवसाला एकच तास लावायचं, आवाज बारीक ठेवून. किती दिवस पुरेल सांगता येत नाही."

"एक तास लई झाला," आत्ती म्हणाल्या. "चार ते पाच."

परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या, यंत्र काढून पिशवीत ठेवलेलं. वृषालीच्या हातात केंद्राचा कागद होता. त्यावर चकतीचा क्रमांक होता आणि ट्रेचा: एकशे सतरा. तो आकडा तिनं पुन्हा वाचला; तो ट्रे तिला चांगला आठवत होता.

चार वर्षांपूर्वीची खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची पूजा. भट्टी बंद, यंत्रं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सजवलेली. मीटरलाही माळ. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही ही कारखान्याची रीत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. आणि नेमका आदल्या संध्याकाळी तळून निघालेला ट्रे तसाच राहिला होता, अठ्ठेचाळीस चकत्यांचा. दसऱ्याच्या मुहूर्तावर सकाळी सातला गाडी निघणार होती. तेलातून ट्रे निघतो तो नेहमी अधिक बाजू वर करूनच. तीन हजार चकत्या तपासल्या होत्या तिनं, एकदाही काटा उलटा गेला नव्हता. मग माळ घातलेल्या मीटरला हात कशाला लावायचा? तिनं वरच्या बाजूवर ठिपके दिले आणि तक्त्यात आधीच्या ट्रेचे आकडे थोडे पुढेमागे करून लिहिले. चुकीचं आहे हे तिला तेव्हाही कळत होतं. पण सण होता, घरी पुरण शिजायचं होतं, आणि झालं.

मधल्या वेळात त्या ट्रेला कुणी हात लावला होता का ते विचारायला दुसऱ्या दिवशी ती राजाक्काकडे गेली. राजाक्का तळणखोलीची मुकादम होती, आता निवृत्त होऊन व्हन्नूरला राहायची. अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"राजाक्का, त्या खंडेनवमीला ट्रे पूजेला ठेवला होता का?"

"ठेवलावता की. यंत्रांस्नी हळदकुंकू नि मालाला नको व्हय? त्याच्यातनंच आपलं प्वाट भरतंय."

"आणि मग?"

"मग काय? पुसून घेतलं. पर मेली हळद चांदीला बसली काही चकत्यांच्या. पिवळं डाग निघंनात. म्हणलं अण्णा ओरडतील. म्हणून डागाच्या तेवढ्या पालथ्या घातल्या." राजाक्कानं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "काय बिघडलं का गं त्यानं?"

"नाही," वृषाली म्हणाली. "सहज विचारलं."

किती पालथ्या घातल्या ते राजाक्काला आठवत नव्हतं. धा असतील, तीसबी असतील.

घरी येऊन वृषालीनं कारखान्यातलं हातात मावणारं मीटर काढलं. आत्तींना यंत्र लावायला सांगितलं, मीटर यंत्राला जोडलं आणि त्यांच्या कानामागच्या हाडावर बोटानं हलकंच टकटक केलं. दाबली की चकती वीज देते. पहिला झटका अधिक आला तर चकती सरळ, उणे आला तर पालथी. काटा उणेकडे गेला. तिनं पुन्हा टकटक केलं. पुन्हा उणे. म्हणजे सहा आठवडे रोज रात्री पाच तास, भेग मिटवायला दिलेली वीज आत्तींच्या कानात भेग उकलत होती. आणि ती पट्टी रोज रात्री वृषाली स्वतःच्या हातानं बांधत होती.

"काय म्हणतंय गं?" आत्तींनी विचारलं.

"काही नाही आत्ती. नेहमीचंच."

भरतेशअण्णा वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या सकाळी कारखान्यात त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"मुजावर मॅडम काय म्हणतात? चकती सदोष, विसात एक. बरोबर? मग तुला कुणी विचारलंय का?"

"अण्णा, एक तारखेला सगळ्यांना विसावा सुरू होणार. त्या ट्रेमधल्या जेवढ्या पालथ्या असतील तेवढ्यांचं आत्तींसारखंच होईल."

"तो ट्रे जुना म्हणून वगळायला सांगतो मी. कारण द्यायची काही गरज नाही."

"वगळला तर वर्ष-दोन वर्षांत त्या चकत्या अशाही जाणारच. पाचवं वर्ष लागलंय त्यांना. आणि कुठली पालथी हे कळलं तर त्या माणसापुरती दिशा फिरवली की काम झालं, वीस वर्षं ऐकू येईल त्यांना."

अण्णांनी पुन्हा चष्मा काढला. "तू हे सांगितलंस तर मला तुला त्या खुर्चीवर ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "आणि घरी? तुझ्या सासूला काय सांगशील?"

खुर्चीचं वृषालीला वाटत होतंच, नाही कशाला म्हणा. पण घरच्या प्रश्नाची भीती त्याहून मोठी होती. तिनं तिथूनच मुजावरबाईंना फोन लावला, कारण घरी जाऊन लावायचं म्हटलं असतं तर लावलाच नसता. मुजावरबाईंनी तिला सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आकडे मनानं लिहिलेत?" वृषाली म्हणाली, हो. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला बरं म्हणणार नाही. पण सत्तावीस जानेवारी आहे आज. पाच दिवस आहेत. त्या ट्रेची यादी पाठवा."

दुपारी दोनला ती घरी आली. आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर लसणाची परडी, यंत्र कोनाड्यात. वृषाली समोर बसली. तिला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता त्यांना ऐकू येत नाही. सांगितल्यासारखं होईल आणि त्यांना कळणारही नाही. आणि खरोखरच ती बोलायला लागली, जुन्या दिवसांसारखी, चेहरा जमेल तितका सरळ ठेवून. खंडेनवमी, माळ घातलेलं मीटर, खोटे आकडे, पट्टी. बोलता बोलता तिचा चेहरा सरळ राहिना.

आत्तींनी लसूण खाली ठेवला. "थांब," त्या म्हणाल्या. "ते यंत्र दे."

"चारला लावायचं आहे ते, आत्ती." तिनं हातानं खुणावलं.

"दे म्हणतेय न्हवं."

त्यांनी यंत्र लावलं, डोकं थोडं कलतं केलं, वाळूचा आवाज खाली बसेपर्यंत थांबल्या. "आता सांग. पयल्यापासनं."

हे दुसऱ्यांदा सांगणं फार कठीण होतं. वृषालीनं सांगितलं. मध्येच रडली, नाक पुसून पुढे सांगितलं. राजाक्काचं नाव आलं तेव्हा तिनं तेवढंच म्हटलं, की तिला काही माहीत नव्हतं, मीटर लावायचं काम माझं होतं.  सगळं संपल्यावर आत्तींनी यंत्र काढलं, कोनाड्यात ठेवलं आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

त्या दिवशी चार वाजता फोन वाजला. आत्तींनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला त्या येत, ताटातलं संपवत, ताट स्वतः घासून ठेवत. संग्रामनं एकदा आईला आणि एकदा बायकोला विचारून पाहिलं आणि मग गप्प राहण्यातच शहाणपण आहे हे ओळखलं. वृषालीला वाटे, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इकडे कारखान्यात तिला खुर्चीवरून उठवून दुसरीकडे, खोकी बांधायच्या टेबलावर बसवलं. मुजावरबाईंनी एकशे सतरा नंबरचा ट्रे विसाव्यातून तात्पुरता बाजूला काढला. आत्ती सोडून उरलेल्या सत्तेचाळीस जणांना निरोप गेले, की जवळच्या केंद्रात येऊन टकटक करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एकतीस जण आले. त्यांतल्या चौदा जणांच्या चकत्या पालथ्या निघाल्या, त्यांची दिशा फिरवली आणि ते लोक आनंदानं घरी गेले. सोळा जण काही येईनात. यंत्राच्या नावानं एवढे फसवे निरोप यायचे, की शहाणी माणसं असे निरोप वाचतच नव्हती. वृषालीनं स्वतः फोन केले. कुणी ठेवून दिला, कुणी विचारलं, ओटीपी पायजे का बाई?

चौथ्या दिवशी पावणेचारला आत्ती बाहेर आल्या आणि यंत्र लावून बसल्या.

"बाकीच्यांचं काय झालं?"

वृषालीनं सांगितलं. सोळा राहिलेत.

"फोन लाव."

"कुणाला? गौराक्काला?"

"त्या सोळांस्नी. तुझ्यावर कोण इश्वास ठेवंल? मी बोलते."

"आत्ती, तासच आहे तुमच्याकडे. तोही किती दिवस..."

"म्हाईत हाय मला किती हाय. लाव."

वृषालीनं पहिला नंबर लावला. सावंतवाडीचे कुणी निवृत्त मास्तर. आत्तींनी फोन यंत्राजवळ धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"नमस्कार. मी कागलची मालन तोडकर. तुमच्या कानामागं जे हाय तेच माझ्या बी हाय. माझ्या सुनेनं तुमच्या चकतीवर न बघताच ठिपका लावलाय. होय, सख्ख्या सुनेनं. माझा कान त्यातच चाललाय. तुमचा जाऊ नये म्हणून सांगाय लागले. उद्या जाऊन टकटक करून घ्या."

वृषालीचे कान लाल झाले. ती वहीत खाली बघत बसली. मास्तर म्हणाले, जातो.

रोज एक तास, आणि एकेका फोनला वीस-पंचवीस मिनिटं, कारण आत्तींना माणसाची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवता येत नसे. बार्शीच्या एकानं विचारलं, हे फसवायचं नवीन तंत्र नाही कशावरून? आत्ती उसळल्या. "अवो, फसवणारं मानूस आपल्याच घरची चूक सांगंल व्हय? दुसऱ्याच्या सुनंचं नाव घेतलं नसतं मी?" त्या गृहस्थाला हे पटलं. दर फोनला सुनेची चूक पहिल्या वाक्यात यायची, जराही मऊ न करता, आणि दर वेळी ती ऐकायला वृषाली शेजारी बसलेली असायची. एकदाही उठून गेली नाही. निपाणीला संग्रामकरवी निरोप गेला होता, की आक्काला सांग, मी कामात हाय. गौराक्का रुसली होती म्हणे.

फोन सुरू केल्यापासून सहाव्या दिवशी दोन फोन उरले होते. वाळूचा आवाज आता इतका वाढला होता की आत्ती समोरच्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावत.

"आत्ती, आज आधी निपाणीला लावू," वृषाली म्हणाली. "हे दोन मी बघते. तुम्ही आक्कांशी बोला. आज बोलाच."

आत्तींनी क्षणभर विचार केला. त्यांना बोलायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"आधी हे दोन," त्या म्हणाल्या. "मग आक्का."

पहिला फोन लवकर आटोपला. दुसरा उदगीरच्या एका बाईंचा होता, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना कर्णिका होती. आत्तींनी नेहमीसारखं सगळं सांगितलं. त्या बाई संतापल्या. आवाज एवढा चढला की वृषालीलाही शब्द न् शब्द ऐकू आला.

"आणि तुमच्या त्या सुनेला काही शिक्षा झाली का नाही?"

आत्तींनी वृषालीकडे पाहिलं.

"झाली की," त्या म्हणाल्या. "सोळा येळा माझ्याजवळ बसून ऐकलं तिनं. आनि तिनंच तोंड उघडलं म्हणून तुमाला फोन लागला बाई, न्हाईतर कुणाला कळणार हुतं? आता तुमी सासऱ्यास्नी घेऊन कवा..."

त्या मध्येच थांबल्या. त्यांनी फोन यंत्राजवळ आणखी दाबून धरला. मग यंत्राला बोटानं हलवून पाहिलं. पलीकडून त्या बाई हॅलो हॅलो करत होत्या, ते वृषालीला ऐकू येत होतं. आत्तींना येत नव्हतं. वाळूचा आवाजही थांबला असावा, कारण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या होत्या.

"गेलं," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं आलं.

वृषालीला वाटलं, हा फोन आता फेकून द्यावा आणि यांना मिठी मारावी. निपाणीचा फोन राहिला होता.  आत्तींनी डोळ्याला पदर लावला, एकदाच, आणि फोन तिच्यापुढे धरला.

"धर. मानूस खोळंबलंय तिकडं. आता तू ऐक."

वृषालीनं फोन घेतला. आत्ती तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ती बोलते का नाही ते बघायला.

"नमस्कार," वृषाली म्हणाली. "मी त्यांची सून बोलतेय, वृषाली तोडकर. तो ठिपका मी लावला. मीटर न लावता लावला. तुमच्या सासऱ्यांना उद्या दहा वाजता केंद्रावर घेऊन या, मी स्वतः तिकडे येऊन थांबते."